प्रहरी नंबर नऊ

१४ नोव्हेंबर

ही डायरी कंपनीची, २०१३ सालची. कंपनीने वाटलेली ती शेवटची. पुढच्या वर्षी डायरीही नव्हती आणि कंपनीही नव्हती. बारा वर्षं कोरी पडून होती, कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. आज छापलेले वार खोडून लिहितोय. मला काम मिळालं.

'लोहवस्ती' नावाची मालिका आहे, लोक मोबाइलवर बघतात. दुसऱ्या ग्रहावर खाण, पृथ्वीवरून नेलेले कामगार आणि त्यांच्यावर पहारा करणारी लोखंडी यंत्रं. त्या यंत्रांना प्रहरी म्हणतात. पहिला सीझन लोकांनी डोक्यावर घेतला म्हणे. दुसऱ्याचं शूटिंग इथे सातपूरला, आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, एका बंद पडलेल्या शेडमध्ये चाललंय. बंद शेडना आमच्याकडे काही तोटा नाही.

मी प्रहरी नंबर नऊ. सीझन दहा भागांचा. नऊ भाग अंगात फायबरचा सूट आणि डोक्यावर टोप, म्हणजे आत मी आहे की दुधी भोपळा हे कुणाला कळायचं नाही. पण दहाव्या भागात नऊ नंबर कामगारांवर हत्यार उगारायला नकार देतो आणि टोप काढतो. आत यंत्र नसतं, एक म्हातारा माणूस असतो. सगळ्या सीझनचा डाव त्या एका मिनिटावर आहे, आणि त्या मिनिटाला पडद्यावर फक्त माझा चेहरा असणार.

सत्तावीस वर्षं लेथवर उभा राहिलो आणि एकोणीस वर्षं कामगार नाट्यस्पर्धेत. बक्षिसं तीन, तिन्ही उत्तेजनार्थ. वय अठ्ठावन्न. रस्त्यात एकाही माणसाने 'तुम्हीच ना ते' असं कधी विचारलं नाही. एवढं एक मिनिट मिळालं की माझं देवाकडे काही मागणं नाही.

चांगुणाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्या टोपात श्वास घेता येतो ना?" बायकोला कशाचं काय.

१९ नोव्हेंबर

सूट चौदा किलोचा. तो चढवायचं आणि उतरवायचं काम बारकूकडे. घोटीच्या पुढच्या वाडीतला, पन्नाशीचा, पण चेहऱ्याने माझ्यापेक्षा म्हातारा दिसतो. सुतारकाम, फायबर, रंगकाम, सगळं तोच करतो. दिवसभरात दहा वाक्यं बोलत असेल. डबा आणत नाही म्हणून मी माझ्यातला देतो. चांगुणा आता दोन भाकरी जास्तच घालते.

दिग्दर्शिका सायली मॅडम. तेहतीस वर्षांची पोरगी, पण मला नाना म्हणते, खुर्ची देते. प्रॉडक्शनचा महेश मात्र मला 'नऊ नंबर' म्हणतो. "नऊ नंबरला बोलवा." कंपनीत तरी टोकन नंबर चार आकडी होता.

पहिलं वाक्य म्हटलं आणि साउंडवाल्याने कानावरचा हेडफोन काढून ठेवला. मॅडम म्हणाल्या, "नाना, माइक आहे." मी म्हटलं, सवय आहे. आमच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेतले लोक सेकंड शिफ्ट करून आलेले असायचे, त्यांना जागं ठेवून नाटक करावं लागायचं.

२६ नोव्हेंबर

आज चेहऱ्याची टेस्ट झाली. दहाव्या भागातला तोच प्रसंग, टोप काढायचा आणि समोरच्या कामगारांकडे बघायचं. संवाद नाही.

मी जीव ओतला. ओठ थरथरवले, डोळ्यांत पाणी आणलं, मान हळूहळू वळवली, शेवटी एक हात पुढे केला. मॅडम म्हणाल्या, "नाना, छान. थोडं कमी करू या." कमी म्हणजे काय? एवढा मोठा प्रसंग आणि कमी? परत केला, हात मागे घेतला पण डोळे वाढवले. "अजून कमी, नाना." असं सहा वेळा झालं. शेवटी मी विचारलं, "मॅडम, काहीच करू नको का?" त्या म्हणाल्या, "हो, तेच." थट्टा करायची सवय आहे त्यांना.

सहाव्या वेळी सगळी शेड गप्प झाली होती. अशी शांतता मी स्पर्धेत एकदाच ऐकली आहे.

मग लाइट बदलायचा होता म्हणून माझ्या जागी बारकूला उभं केलं. तो नुसता उभा राहिला. घाम डोळ्यांत गेला म्हणून पापण्या मिटल्या, उघडल्या, एवढंच. मॅडम बराच वेळ मॉनिटरकडे बघत होत्या. कॅमेरामनला जवळ बोलावून त्यालाही दाखवलं. लाइट चांगला लागला असावा.

२९ नोव्हेंबर

गुडघे सुजले. सूट घालून दिवसभर उभं राहायचं आणि काही करायचं नाही. आतून काच धुरकट होते, समोरचा माणूसही धड दिसत नाही. आज आतल्या आत रडू आलं, कारण काहीच नव्हतं. पुसायला हात आत जात नाही. बाहेर कुणाला कळलं नाही. उलट मॅडम म्हणाल्या, "आज नऊ नंबर एकदम बरोबर उभा राहिला."

४ डिसेंबर

बारकूच्या मानेचं आणि खांद्यांचं माप घेतलं. लांबून घ्यायच्या शॉटला सूट त्याला घालणार, म्हणजे मला विश्रांती. माणुसकी आहे अजून जगात.

संध्याकाळी सायली मॅडम म्हणाल्या, "नाना, पाच मिनिटं वेळ आहे? तुमच्याशी बोलायचं होतं." मी बसलो. त्या अवघडल्यासारख्या झाल्या होत्या, म्हणून मीच १९९८ सालची गोष्ट काढली. प्रयोगाच्या दिवशी आमचा नायक नाइट शिफ्टला अडकला आणि मी दोन भूमिका केल्या, मध्ये फक्त पगडी बदलून. परीक्षक फसले. मॅडम हसल्या. त्यांचे डोळे भरून आले. नंतर म्हणाल्या, "राहू दे नाना, नंतर बोलू." मोठ्या मनाची पोरगी.

११ डिसेंबर

सुट्टी. काल महेशचा फोन आला, जनरेटर बिघडलाय, उद्या शूटिंग नाही. पहिल्यांदाच मला 'सर' म्हणाला.

चांगुणाला घेऊन घोटीला गेलो. नवा इंद्रायणी तांदूळ आलाय. बाजारात हातात घेऊन वास घेत ती तासभर फिरली. माहेरकडच्या दोन बायका भेटल्या. त्यांना म्हणाली, "ह्यांचं तोंड दिसणार हाय टीव्हीवर, एप्रिलमधी." मी लांब उभा राहून ऐकलं. एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल ती कुणाजवळ असं बोललेली मी ऐकलं नव्हतं.

एसटीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. चांगला दिवस गेला.

१२ डिसेंबर

बारकू आज माझ्याकडे बघतच नव्हता. सूट चढवताना त्याने दोन पट्टे उलटे लावले. कानामागे पांढरा रंग लागलेला होता, म्हटलं, धू की रे. त्याने घाईघाईने पुसला. सेट रंगवत बसला असेल काल सुट्टीतही. डबा दिला तर म्हणाला भूक नाय.

१७ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहितो.

खाणीत स्फोट होतो तो प्रसंग. शेडची दारं बंद करून यंत्राने धूर सोडत होते. वस्तीतल्या कामगारांच्या भूमिकेत आपल्याच भागातली बाया-माणसं, पंचवीसेक. चौथ्या टेकला फुलाबाई नावाची बाई खाली पडली. महेश म्हणाला, "पाणी मारा आणि तिच्या जागी दुसरी उभी करा." मी टोपाच्या आतून ऐकलं. कंपनीतले जुने दिवस आठवले आणि डोकं सणकलं.

टोप काढला, शेडच्या मधोमध फरशीवर ठेवला आणि म्हटलं, "टूल डाऊन." म्हणजे काम बंद. एकदम खणखणीत. साउंडवाल्याला ऐकू गेलं असेल. मग सगळ्यांना म्हटलं, चला बाहेर, धूर बंद होईपर्यंत कुणी उभं राहायचं नाही.

दोघं निघाले, दारापर्यंत आले आणि परत फिरले. फुलाबाईच उठली, तोंड धुतलं आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "दादा, माझा दिवस भरू द्या."

बारकूकडून सूट उतरवून घेतला आणि एकटा गेटवर जाऊन बसलो. मला खात्री होती. लाइनमध्ये लेथवरच्या एका माणसाने हात काढला की पुढच्या मशीनला जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, जात नाही, तासाभरात साहेब खाली उतरतो. ऐंशी-नव्वदच्या काळात आम्ही असंच भांडलो. आणि इथे तर आख्खा सीझन माझ्यावर उभा आहे. अकरा ते पाच बसलो.

एक वाजता बारकू चहा घेऊन आला. "नाना, चला आत. कशापायी बसता उन्हात?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं. तो रिकामा कप घेऊनही तिथेच घुटमळला. तीन वाजता आतून "ॲक्शन" ऐकू आलं. चारला दार उघडलं तेव्हा प्रहरी नंबर नऊ आतून चालत गेला. माझाच सूट, माझाच टोप. चाल थोडी वाकडी होती एवढंच. आणि काम चालू होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लेथवरचा माणूस बदलला की जॉब बिघडतो. टोपातला माणूस बदलला तर काही बिघडत नाही. हे मला अकरा वाजता कळायला हवं होतं.

पाचला सायली मॅडम बाहेर आल्या आणि चक्क मातीत माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "नाना, धूर मी कायमचा बंद केलाय. तुम्ही बरोबर होतात. पण तुमच्या सीनबद्दल मला..." मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "मॅडम, मला समजतं. तत्त्वाची किंमत मोजावी लागते. शेवटचा सीन गेला ना माझा?" त्यांनी हाताची माती झटकली. मग म्हणाल्या, "हो, नाना."

घरी आलो. जेवलो नाही.

१८ डिसेंबर

महेशचा मेसेज. 'आपले काम पूर्ण झाले आहे. धन्यवाद.' खाली फुलांचा गुच्छ.

आपला डबा सेटवर राहिला होता. मी जाणार नाही म्हटलं, तर चांगुणा स्वतः गेली आणायला. दोन तासांनी आली. डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, "धूर होता तिथं." म्हणजे धूर बंद केला म्हणाल्या ते मॅडमचं बोलणं खोटंच.

संध्याकाळी स्वतःहून म्हणाली, "तुमी टोप खाली ठेवला ते लय बरं केलं. माणसानं असंच असावं. सांगा सगळ्यांना." मी काहीही केलं तरी नाक मुरडणारी बाई. मला वाटलं होतं वेड्यात काढेल.

२ जानेवारी

काही नाही. सकाळी उठतो, गॅलरीत बसतो, समोरच्या कंपनीची शिफ्ट सुटलेली बघतो. मोटारसायकली जातात. कुणी वर बघत नाही. सारखं वाटतं की तो टोप मी काढायला नको होता, आणि लगेच वाटतं की नाही, काढायलाच हवा होता. दोन्ही खरं वाटतं आणि दोन्हीने रात्रभर झोप येत नाही. आयुष्यात एक मिनिट मिळणार होतं, ते मी स्वतःच्या हाताने फरशीवर ठेवून आलो.

स्वतःच्या हाताने ठेवलं, एवढाच काय तो आधार.

२५ जानेवारी

जयराम आला होता, आमच्या युनियनचा जुना सेक्रेटरी. भाजीबाजारात चांगुणा त्याच्या बायकोला भेटली आणि तिने सगळं सांगितलं म्हणे. जयराम सत्तरीचा, कानाने बहिरा, पण हे ऐकून पाणी मिळालेल्या रोपासारखा टवटवीत झालाय. "वाल्मीक, अरे तू एकट्याने बंद केलास? सातपुरात पंधरा वर्षांत कुणी साधं गेट अडवलं नाही."

मी म्हटलं, कसला बंद, काम तर चालूच राहिलं. आतून चांगुणा मोठ्याने म्हणाली, "धूर बंद झाला की. आन् ह्यांचा सीन गेला तरी ह्यांनी माफी मागितली नाय." जयरामने माझा हात हातात घेतला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

२० फेब्रुवारी

सीझन सुरू झाला. दर शुक्रवारी एक भाग. गल्लीतली मंडळी आमच्याकडे बघायला जमली, पुतण्याने मोबाइल टीव्हीला जोडून दिला. पहिल्या भागात नऊ नंबर चार वेळा दिसतो. दर वेळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत मीच होतो तो. पण मला काहीच आठवेना, कुठला दिवस, कुठला शॉट. दुसऱ्याच कुणाचं काम बघतोय असं वाटलं.

२७ मार्च

सहावा भाग. एका दृश्यात नऊ नंबर खाणीच्या तोंडाशी पाठमोरा उभा आहे, बराच वेळ. शेजारच्या विमलाबाई म्हणाल्या, "काय उभे राहिलात हो नाना, अंगावर काटा आला." मी मान हलवली. तो मी आहे की बारकू, मला सांगता येईना. तीनदा मागे घेऊन बघितलं. स्वतःची पाठ माणसाला ओळखू येत नाही.

एका स्थानिक पेपरात चार ओळी आल्या. 'तत्त्वासाठी भूमिकेवर पाणी सोडणारा कामगार कलावंत.' जयरामचं काम. चांगुणाने कात्रण कापून देव्हाऱ्याशेजारी भिंतीला चिकटवलं.

२४ एप्रिल

शेवटचा भाग. मी बघणार नव्हतो. चांगुणा म्हणाली, "बघा. तुमी सोडलेली गोष्ट हाय, तुमच्याकडून गेलेली नाय."

टोप निघाला आणि आत बारकू. केस पांढरे केलेले. काही करत नाही. नुसता बघतो. एकदा पापण्या मिटतो. समोरचे कामगार त्याच्याकडे बघतात आणि एकेक जण हातातलं खाली ठेवतो. माझ्या घरात अठरा माणसं होती, कुणी हललं नाही. विमलाबाई पदराने डोळे पुसत होत्या.

चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी इथेच लिहितोय, दुसरीकडे कुठे बोलणार नाही. मी असतो तर हात पुढे केला असता.

लोक उठले तेव्हा एकेक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. "ही जागा तुमची होती, नाना." हो, माझी होती. मी सोडली. तेवढं म्हणून झोपायचा प्रयत्न करतो.

२८ एप्रिल

बारकू आला होता.

दुपारी दारात उभा, हातात तांदळाची पिशवी. सगळीकडून फोन येतायत त्याला, गावात बँड लावून मिरवला म्हणाला, पण तोंडावर आनंदाचा लवलेश नाही. माझ्या पाया पडला. चांगुणाने चहा आणला आणि म्हणाली, "चहा घे आन् नीघ बाबा, तुझी एसटी चुकंल." त्याने तिच्याकडे बघितलं. ती परत म्हणाली, "नीघ." असं कुणाला हाकलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी तिच्या मनात राग असणार, दुसरं काय.

ती कपबश्या घेऊन मागे मोरीवर गेली आणि बारकू पटकन खाली बसला.

"नाना, एक सांगायचं हाय. पोटात ठिवून लय दिवस झाले."

"बोल."

"त्यो टोपाचा सीन तुमी बसले त्याच्यानंतर नाय झाला. त्या आधीच झाला व्हता. अकरा तारखेला."

मी म्हटलं, "अकराला सुट्टी होती. जनरेटर बिघडला होता."

"जनरेटर चालूच व्हता, नाना. तुमाला घरी ठिवायचं व्हतं म्हून तसं सांगितलं. म्या नाय म्हणलो व्हतो. मॅडम म्हणल्या, नानांना मी स्वतः सांगते. मंग त्यांच्यानं सांगवलं नाय. तुमच्या चेहऱ्यावर लय काय काय व्हतं म्हणं. आन् माझ्यावर कायच नाय." तो रडायला लागला. पन्नाशीचा माणूस.

मला आधी काही समजलंच नाही. मग हळूहळू हिशोब लागला. टोप मी सतराला खाली ठेवला. ज्या गोष्टीवर पाणी सोडलं म्हणून चार महिने सांगत फिरलो, ती गोष्ट सहा दिवस आधीच माझ्याकडे नव्हती. मी गेटवर बसलो तेव्हा आत कुणाचं काही अडलं नव्हतं, अडणारही नव्हतं. एका म्हाताऱ्याने टोप काढून ठेवला आणि उन्हात जाऊन बसला, एवढंच झालं होतं. आणि मी मॅडमना विचारलं, शेवटचा सीन गेला ना माझा, आणि त्या हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या.

बारकू डोळे पुसत म्हणाला, "नाना, वैनींना..." मी त्याचं मनगट धरलं. म्हटलं, "तिला यातलं अक्षर बोलायचं नाही. भिंतीवर कात्रण लावलंय तिने. तिला हे सहन होणार नाही." त्याने मोरीकडे बघितलं. नंतर मान खाली घालून म्हणाला, "नाय बोलत."

चांगुणा हात पुसत आली. "झालं का बोलून?" म्हणाली. मी म्हटलं, हो, गावच्या गप्पा.

२९ एप्रिल

जेवण गेलं नाही. गॅलरीत बसलो.

सीन गेला त्याचं दुःख होतं, पण ते दुःख माझं होतं, मी केलेलं होतं. आता तेही नाही. काहीच नाही. आत कुणी नसलेला टोप असावा तसा बसलोय.

३० एप्रिल

जयरामचा माणूस पत्रिका देऊन गेला. उद्या कामगार दिन. कामगार कल्याण केंद्राच्या हॉलमध्ये माझा सत्कार, शाल आणि श्रीफळ, 'दोन शब्द' बोलायचे. महिन्यापूर्वी हो म्हटलं होतं.

चांगुणाला म्हटलं, मी जात नाही, बरं नाही. ती इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "जावा. शाल चांगली असंल तर थंडीत कामाला येईल." थोड्या वेळाने म्हणाली, "तुमी धूर बंद केला. फुलाबाई भेटली व्हती मला. तिनं सांगितलं, त्या दिवसापासून धूर नाय सोडला, दारंबी उघडी ठिवायचे. ते तरी खोटं हाय का?"

मी दचकलो. म्हटलं, खोटं काय आहे त्यात, कुणी म्हटलं खोटं आहे? ती म्हणाली, "कुणी नाय. मी आपलं म्हणलं." आणि शर्टाची कॉलर उलटी करून इस्त्री फिरवत बसली.

उद्या खरं सांगून टाकायचं ठरवलंय. व्यासपीठावरून. एकदाच लाज वाटेल आणि संपेल.

१ मे

हॉल भरला होता. अर्ध्याहून जास्त पांढरी डोकी, जुन्या कंपन्यांची माणसं, काहींनी कंपनीचे बिल्ले लावलेले. जयरामने माझी ओळख करून देताना मी सबंध शूटिंग तीन दिवस बंद पाडलं असं सांगितलं. कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते हवंच होतं.

शाल घातली. माइकसमोर उभा राहिलो. वाक्य तयार होतं: मित्रांनो, हा सत्कार चुकीच्या माणसाचा होतोय. तोंड उघडलं आणि पहिल्या रांगेत चांगुणा दिसली. लग्नातलं जरीचं पातळ नेसली होती. मांडीवर दोन्ही हात घट्ट धरून बसलेली, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तशी. माझ्याकडे बघून तिने अगदी थोडी मान हलवली. नको म्हणावं तशी. घाबरू नका म्हणत असावी.

मी म्हटलं, "सतरा डिसेंबरला मी टोप खाली ठेवला." आणि पुढे सगळं तसंच सांगितलं, पेपरात आलं होतं तसं. सीन गेला, पण माफी मागितली नाही. टाळ्या पडल्या. माणसं उभी राहिली. एकोणीस स्पर्धांत कधी उभी राहिली नव्हती. बाहेर पडताना एका अनोळखी म्हाताऱ्याने मला अडवून विचारलं, "तुम्हीच ना ते?" मी हो म्हटलं. नळावर जाऊन तोंड धुतलं.

घरी आलो तर विमलाबाई आणि खालच्या मजल्यावरच्या दोघी आलेल्या. त्यांना हॉलमध्ये यायला जमलं नव्हतं. चांगुणाने शालीची घडी मोडून त्यांना दाखवली आणि मला म्हणाली, "सांगा की ह्यांना. टोप ठिवला तवा काय झालं." मी म्हटलं, राहू दे आता, दमलोय. ती म्हणाली, "सांगा हो, चांगलं सांगता."

मी सांगितलं. तीही समोर बसून ऐकत होती, पहिल्यांदा ऐकावं तशी मान डोलवत. मध्ये एकदा मी अडखळलो, तारीख चुकून अकरा म्हणालो, तर लगेच म्हणाली, "सतरा." मग मी सतरा म्हटलं आणि पुढे गेलो.

बिचारीचा माझ्या शब्दाशब्दावर विश्वास आहे. तिच्यासाठी तरी हे आता मरेपर्यंत निभवायला हवं.